दुसरी चावी

शिवोलीत, तारीच्या वाटेवर, आमच्या घराची
वरची खोली मी त्याला दिली.
कागदावर त्याने लिहिलं: भार्गव टेंबे.
आडनावापाशी पेन जरा अडखळलं,
अंधारात पायरी मोजायला चुकावी तसं.
मी काही म्हटलं नाही.
भाडं आगाऊ होतं, आणि चपला तो दाराबाहेर
जोडीने काढायचा.

एक चावी त्याला. एक माझ्याकडे,
तांदळाच्या डब्यात.
"ती कशाला?"
आग लागली तर, मी म्हटलं.
तो बराच वेळ डब्याकडे बघत राहिला.

दिवसा झोपायचा. रात्री त्याच्या खिडकीचा निळा उजेड
समोरच्या माडावर चढून बसायचा.

काम काय करतोस रे?
"भांडणं मिटवतो, कुंदाबाय.
एक बाजार आहे, तिथे कुणालाच तोंड नाही.
घेणाऱ्याचं नाव खोटं, विकणाऱ्याचं खोटं.
माल पोचेपर्यंत पैसे तिसऱ्याच्या हातात थांबतात.
एक म्हणतो मिळाला नाही, दुसरा म्हणतो पाठवला.
दोघंही खोटारडे.
कोण कमी, ते मी ठरवतो."
आणि तो तिसरा?
हसला. पहिल्यांदाच.
उत्तर दिलं नाही.

मी माझा बाजार सांगितला. म्हापशाचा शुक्रवार,
माझी सोलं, माझी हरमलची मिरची.
मिरची तिखट निघाली नाही तर
आसगावची एस्पेरांसा पुढच्या शुक्रवारी
पुडी माझ्यापुढे आपटते,
सात पिढ्यांचा उद्धार करते,
आणि जाताना पाव किलो उधार नेते.
त्याने हे सगळं ऐकलं
परमुलखातल्या चालीरीती ऐकाव्यात तसं.

देवीच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतात,
उजवी पडली तर हो, हेही सांगितलं.
"आमच्याकडे तारे असतात," म्हणाला, "पाचांपैकी.
मला चार पूर्णांक नऊ."
ते पडत नाहीत?
"पडले की सगळे एकदम."

एप्रिलात त्याची दाढ सुजली, तो पणजीला गेला.
मी वर गेले.
आग लागली नव्हती.

गादी. तीन कुलपांची पेटी.
आणि उशीखाली कागद, त्यावर एकाखाली एक
दोन डझन इंग्रजी शब्द,
एकमेकांशी काही नातं नसलेले:
लिंबू, मामा, हिवाळा, शिडी.
मला वाटलं, पोर कविता करतं की काय.
त्या शब्दांना कुलपाची किंमत असते,
ते पाठ असणाऱ्याचं सगळं घर उघडतं,
हे भाच्याने फार नंतर सांगितलं.

बाहेर पडताना दिसला:
दाराच्या फटीत केसाएवढा काळा दोरा.
तुटलेला.

संध्याकाळी तो आला, गाल फुगलेला.
वर गेला. खाली आला.
मी पेज वाढली, ती प्याला.
मी वाट पाहत होते. तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी फटीत नवा दोरा होता,
आणि कागद त्याच उशीखाली
असणार, असं मला वाटतं. मी परत गेले नाही.

जूनमध्ये एका रात्रीत त्याचा बाजार उठला.
पहाटे स्वयंपाकघराच्या दारात उभा.
"तुम्ही विचारलं होतं ना, तो तिसरा?
गेला. सगळ्यांचं घेऊन."
मी चहा टाकला. दुसरं काय टाकणार.
तुझा तो कागद तरी, असं ओठावर आलं,
आणि तिथेच ठेवलं.
मंगळवारच्या बसने तो गेला.

ऑगस्टात रायबंदरहून दोघे पोलीस आले.
एक तीन शब्दी नाव, मी कधी न ऐकलेलं.
"ह्या नांवाचो मनीस हांगा रावतालो?"
ना, म्हटलं.
खरंच नव्हता राहत.
फोटो धुरकट होता. चष्मा आत होता.
आणायला मी उठले नाही.

तांदळाच्या डब्यात आता दोन चाव्या आहेत.
त्याच्या चावीला काळा दोरा गुंडाळलेला,
मधे गाठ.
म्हणजे तुटका त्याने ठेवला होता.

परवा एक बाई खोली बघून गेली.
चाव्या किती, विचारलं तिने.
मी दोन्ही तिच्या हातावर ठेवल्या.
मग एक परत मागून घेतली.
आगीचं काही सांगता येत नाही.